दोन पत्रकं, एक फोटो: नगरसेवकाची भूमिका कशी जोखायची?

पोळपाट

नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका महापालिकेच्या शहरात राहते. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शहर कळलं की प्रभाग कळेल आणि प्रभाग कळला की माणसं कळतील. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान आहे. मी घरूनच मेस चालवते, दोन्ही वेळचे मिळून पंचेचाळीस डबे. घरात सहा मतं आहेत: मी, मिस्टर, सासूबाई, दीर, जाऊ आणि यंदा पहिल्यांदा मत देणारा पुतण्या. मुलगी सातवीत आहे.

आमचा प्रभाग चार जणांचा, म्हणजे अ, ब, क, ड अशा चार जागांवर चार नगरसेवक निवडायचे. अ, ब, क या जागांबद्दल नंतर विचारते. खरी ओढाताण ड जागेवर आहे आणि लढत दोघांतच आहे.

एक आमचे माजी नगरसेवक. २०१७ ला निवडून आले, २०२२ ला मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक. माणूस धावून येणारा. २०१९ च्या उन्हाळ्यात बोअर आटलं तेव्हा त्यांनी गल्लीत स्वतःचा टँकर फुकट उभा केला. त्या पाण्यावर माझी मेस महिनाभर चालली, मी ते विसरलेली नाही. सासूबाई मोरीत पडल्या त्या रात्री अकरा वाजता गाडी घेऊन तेच आले होते.

दुसऱ्या एक वकीलबाई. पहिल्यांदाच उभ्या आहेत. आमच्याशी ओळख नाही, उपकार नाहीत.

पाण्याबद्दल माजी नगरसेवकांच्या पत्रकावर दोन ओळी आहेत: "चोवीस तास पाणी" आणि "पाणीपट्टी निम्मी". वकीलबाईंच्या पत्रकावर आहे: "प्रत्येक नळाला मीटर. पाणीपट्टी कमी करण्याचं आश्वासन मी देत नाही. नळ कोणत्या दिवशी, किती वाजता येणार ते आधी कळेल आणि सगळ्या गल्ल्यांना सारखं मिळेल." माझ्यासारखीला पाण्याचा दिवस आधी कळणं म्हणजे काय, ते मेस चालवणाऱ्यांनाच समजेल. तरी "कमी करणार नाही" हे शब्द वाचून हात थबकतोच.

दुसरा मुद्दा हातगाड्यांचा. दिराची फळांची गाडी शाळेच्या फाटकापासून वीस पावलांवर लागते. परवा पोळ्या लाटता लाटता मी माजी नगरसेवकांची दोन पत्रकं पोळपाटाशेजारी ठेवून वाचली. एक मैत्रिणीने तिच्या सोसायटीतून आणलेलं, एक दिराला मंडईत मिळालेलं. दोन्हींवर फोटो तोच, हात जोडलेला. सोसायटीतल्या पत्रकावर "शाळेचा रस्ता हातगाडीमुक्त करणार". मंडईतल्या पत्रकावर "गोरगरिबांची एकही गाडी हलू देणार नाही". मी दोन्ही पत्रकं उलटून पालटून पाहिली. खाली छापखान्याचं नावही एकच होतं.

वकीलबाई दिराच्या गाडीवर आल्या, अर्धा डझन केळी घेतली, पैसे दिले आणि म्हणाल्या, "दादा, ही गाडी इथून हलवावी लागेल. शाळा सुटते तेव्हा पोरं रिक्षांच्या मधून वाट काढतात. मत मिळावं म्हणून मी खोटं सांगणार नाही." दीर घरी आला तो तापूनच. म्हणतो, घरातली सहाच्या सहा मतं तिच्या विरोधात.

माझी मुलगी रोज त्याच रिक्षांच्या मधून घरी येते. आणि दिराच्या गाडीवर जावेची दोन मुलं शिकतात.

पाण्यावर मला वकीलबाईंचं पटतं, गाडीवर घर अडतं. अशा वेळी तुम्ही उमेदवाराचं बोलणं कसं तोलता? आणि पत्रकावरचं काय नगरसेवकाच्या हातात असतं आणि काय नसतं? मनापासून विचारते आहे. इतक्या वर्षांनी मिळालेलं मत आहे हे, वाया घालवायचं नाही.

---

जलमापक

ताई, मी एका महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झालो. आयुष्य व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्यात गेलं, म्हणून पाण्याबद्दलच बोलतो.

पाणीपुरवठा हे महापालिकेचं बंधनकारक काम आहे. १९४९ च्या महापालिका अधिनियमात कलम ६३ मध्ये अशा कामांची यादी आहे आणि ऐच्छिक कामं कलम ६६ मध्ये. तेव्हा नळाच्या पाण्याबद्दल उमेदवाराला जाब विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. धरणात तुमच्या शहरासाठी पाणी किती राखून ठेवायचं हे मात्र राज्य पातळीवर ठरतं, तिथे नगरसेवकाचं मत चालत नाही. कोणी अमुक धरणाचं पाणी आणतो म्हणाला, तर तो आमदारकीचं आश्वासन नगरसेवकाच्या पत्रकावर छापतो आहे असं समजा.

आता चोवीस तास पाण्याचं. हे अशक्य आहे असं मी म्हणणार नाही. कराडशेजारच्या मलकापूरने करून दाखवलं आणि ते तर लहानसं गाव. पण तिथे घरोघरी मीटर बसले आणि जास्त वापरणाऱ्याला चढा दर लागला. मीटर नसलेल्या गावात चोवीस तास नळ सोडला तर उतारावरच्या घरांच्या टाक्या वाहतील आणि चढावरच्या बाईचा हंडा कोरडा राहील. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. आठवड्यातून दोनदा पाणी येणाऱ्या भागात लोक नळाची तोटीच काढून टाकतात, कारण पाणी आलं की हौद भरायचा असतो. ती तोटी परत बसेपर्यंत चोवीस तास पाणी म्हणजे चोवीस तास गळती.

म्हणून "चोवीस तास" आणि "निम्मी पाणीपट्टी" या दोन ओळी एकाच पत्रकावर आल्या की माझ्या पोटात गोळा येतो. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था करही गेला. महापालिकेचं स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी एवढंच उरलं. धरणावरच्या पंपांचं वीजबिल दर महिन्याला येतं. ते थकलं की वीज तोडायची नोटीस येते आणि मग सगळं शहर कोरडं. पट्टी निम्मी केली तर ते बिल कोणत्या पैशातून भरणार, एवढं एकच त्यांना विचारा. उत्तर असेल तर तो माणूस अभ्यास करून आलाय.

दुसरं असं. निवडून आलेल्यांना काही आठवड्यांतच अंदाजपत्रकाला सामोरं जावं लागेल. आयुक्त ते स्थायी समितीपुढे ठेवतात, तिथून ते सर्वसाधारण सभेत येतं. कराच्या दरांना मान्यता तिथेच. "निम्मी" म्हणणाऱ्याने त्या सभेत काय केलं हे तुम्हाला मार्चच्या आतच कळेल. तुमच्या माजी नगरसेवकांनी २०१७ ते २०२२ या काळात पाणीपट्टीच्या विषयावर काय मत मांडलं, ते सभेच्या इतिवृत्तात असणार. ते बघा.

---

जुना मतदार

पत्रकं बघून मत देऊ नका. मी १९७७ पासून मत देतोय. पत्रक छापणारा एक, लिहिणारा तिसराच. रात्री अकराला दारात गाडी कोणाची आली, हे तुम्हीच लिहिलंय. नगरसेवक म्हणजे काही धोरण ठरवणारा मंत्री नव्हे. ड्रेनेज तुंबलं की फोन उचलणारा माणूस लागतो. वकीलबाई उचलतील? आम्हाला माहीत नाही. हे उचलतात, तुम्हाला माहीत आहे. संपलं.

---

मंडईकर

मी फेरीवाल्यांच्या संघटनेत अठरा वर्षं काम करते, भाजीची गाडी माझी स्वतःची होती. दिरांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की दोन्ही पत्रकं त्यांच्या उपयोगाची नाहीत.

पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. आधी सर्वेक्षण करायचं, ज्यांची नोंद झाली त्यांना प्रमाणपत्र द्यायचं, आणि हे पूर्ण होईपर्यंत कोणाला उठवायचं नाही. विक्री कुठे करायची आणि कुठे नाही, यात नगर पथविक्रेता समितीचा विचार घ्यावा लागतो. त्या समितीत निदान चाळीस टक्के जागा फेरीवाल्यांच्याच प्रतिनिधींच्या असतात. म्हणजे "हातगाडीमुक्त करणार" म्हणणारा एकट्याने गाडी उठवू शकत नाही आणि "हलू देणार नाही" म्हणणारा एकट्याने ती वाचवू शकत नाही. दोन्हीकडे माणसाच्या भीतीवर मत मागितलंय.

मी इतकी वर्षं हे पाहिलंय की "हलू देणार नाही" म्हणणाऱ्यांच्या राज्यातच गाड्या सगळ्यात जास्त उचलल्या जातात. कारण कागद झालेला नसतो. कागद नसला की गाडी दर दिवाळीला कोणाच्या तरी मेहरबानीवर उभी. दिरांकडे प्रमाणपत्र आहे का? त्यांचं सर्वेक्षणात नाव आहे का? नसेल तर निवडणुकीच्या आधी तेच काम महत्त्वाचं.

आणि वकीलबाईंना नुसतं "हलवणार" एवढ्यावर सोडू नका. कुठे हलवणार? शाळेपासून किती लांब? तिथे गिऱ्हाईक येतं का? सावली आहे का, फळं दुपारी दोनला काळी पडतात. सर्वेक्षणाआधी की नंतर? त्या कायद्याच्या बाई आहेत, त्यांना ही उत्तरं देता आली पाहिजेत. तोंडावर खरं बोलल्या म्हणून त्यांचं म्हणणं आपोआप बरोबर होत नाही.

---

लातूरकर

जुना मतदार काका, तुमचा मान ठेवून असहमत.

एप्रिल २०१६ मध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, साधारण पाच लाख लिटर. पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती. मी तेव्हा बारावीला. आमच्या गल्लीतही फोन उचलणारी, टँकर पाठवणारी चांगली माणसं होती आणि त्यांनी मनापासून धावपळ केली. पण मांजरा धरण कोरडं पडेपर्यंत शहराचं पाणी कसं वापरायचं, गळती किती, मीटर कधी, हा विषय कोणाच्याच पत्रकावर नव्हता. कारण मतदारांनी तो विचारला नव्हता. मीही विचारला नसता. धावून येणारा माणूस हवाच. पण धावून यायची पाळी दर उन्हाळ्यात का येते, याबद्दलही त्याचं काही म्हणणं असायला हवं.

ताई, तुमच्यासाठी दोन-तीन गोष्टी.

उमेदवारी अर्जासोबतचं शपथपत्र वाचा. गुन्हे, मालमत्ता, शिक्षण जाहीर करायची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर रुळली, आता महापालिकेच्या उमेदवारांनाही ते द्यावं लागतं. लोक फक्त गुन्ह्यांचा रकाना बघतात. मी धंद्याचा आणि वाहनांचा रकानाही बघतो, कारण माणसाची भूमिका कुठे लंगडी पडेल ते तिथे दिसतं.

पक्षाचा उमेदवार असेल तर पक्षादेशाचं, म्हणजे व्हिपचं विचारा. स्थानिक संस्थांमध्येही पक्षांतराचा कायदा आहे, १९८६ चा. गटाचा आदेश मोडून मत दिलं तर पद जाऊ शकतं. म्हणून "तुमचं मत काय" याच्यापुढे "आणि तुमच्या पक्षाने उलट आदेश काढला तर?" हेही विचारायचं. अपक्षाला हा अडसर नाही, पण एकट्याच्या हाताने ठराव मंजूर होत नाही, हेही आहे.

आणि कबूल केलेली गोष्ट झाली तरी केव्हा आणि किती झाली, ते बघावं लागतं. मुंबईत २०१७ च्या निवडणुकीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचं आश्वासन होतं. २०१९ मध्ये त्यातला फक्त सर्वसाधारण कर माफ झाला, बाकीचे कर बिलात तसेच राहिले. पूर्ण माफी २०२२ मध्ये आली आणि तीही राज्य सरकारने निर्णय घेतल्यावर. पाच वर्षं गेली. "माफ" हा शब्द दिसला की कोण माफ करणार, हे आधी विचारावं.

अ, ब, क बद्दल: चारही जागांची मतं वेगवेगळी असतात, पॅनल टू पॅनल देण्याची काही सक्ती नाही. प्रत्येक जागेला वेगळं बटण दाबायचं. एखाद्या जागेवर कोणीच पटलं नाही तर त्या जागेपुरतं नोटा दाबता येतं. चारही बटणं दाबल्याशिवाय केंद्रातून निघू नका, एवढं सासूबाईंना आधी समजावून ठेवा.

---

पोळपाट

सगळ्यांचे आभार. तीन दिवस लिहिता आलं नाही, डब्यांची गडबड होती. पण मी स्वस्थ बसले नव्हते.

यंदा हळदीकुंकू संक्रांतीची वाट न पाहता आधीच सुरू झालंय. माजी नगरसेवकांच्या घरी मला बोलावणं होतं. वाणाला स्टीलचा डबा होता, मी हळदीकुंकू घेतलं आणि डबा नाही घेतला, वहिनींना वाईट वाटू नये म्हणून सांगितलं की मतदान झाल्यावर येते. निघताना ते ओट्यावर बसलेले दिसले, म्हणून तिथेच विचारलं. "भाऊ, पाणीपट्टी निम्मी केली तर पंपाचं वीजबिल कुठून भरणार?" ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वहिनी, सरकारकडून निधी आणू." मी विचारलं, कोणत्या योजनेतून. त्यावर म्हणाले, "तुम्ही पण आता पत्रकारांसारखं विचारायला लागलात." रागावून नाही म्हणाले, पण पुढे बोलले नाहीत.

मग मी दोन्ही पत्रकं पर्समधून काढून त्यांच्यापुढे धरली. हात थरथरत होता माझा, खोटं का सांगू. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचली. म्हणाले, सोसायटीवालं पोरांनी छापलं असेल, मी बघतो. शपथपत्रात मी पाहिलं होतं, दोन टँकर वहिनींच्या नावावर आहेत. तेही विचारलं. ते म्हणाले, "आहेत. त्याच टँकरने २०१९ ला तुमची मेस चालली." खरंच आहे ते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाटेत मात्र एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती: नळाला वेळेवर पाणी आलं तर त्या टँकरचं काय होणार?

जुना मतदार काका, तुमचं म्हणणं मी बाजूला टाकलेलं नाही. त्या रात्री गाडी आली नसती तर सासूबाईंचा पाय आज कसा असता कोण जाणे. त्यांच्याकडे मी उद्याही जाईन, ते निवडून येवोत न येवोत. पण रात्रीच्या गाडीचे उपकार मी माझ्या हाताने फेडेन. त्यासाठी पोरीचा शाळेचा रस्ता का द्यायचा, हे मला पटवून देता येत नाही.

वकीलबाईंना फोन केला. मंडईकर ताईंचे प्रश्न वहीत लिहून घेतले होते, ते एकेक विचारले. सर्वेक्षणाआधी गाडी हलवू देणार नाही, हे त्या लगेच म्हणाल्या. कुठे हलवणार यावर त्यांनी दोन जागा सांगितल्या. त्यातली जुन्या बसथांब्यामागची मला माहीत आहे, तिथे दुपारनंतर माणूस फिरकत नाही. मी तसं सांगितलं तर म्हणाल्या, "मी तिथे सकाळी गेले होते, दुपारची कल्पना नव्हती. तुमच्या दिरांना घेऊन याल का? जागा त्यांनीच दाखवावी." पक्षादेशाचंही विचारलं. त्यावर त्यांचं उत्तर अर्धवट होतं: पाण्याच्या विषयावर पक्षात आधी भांडेन, पण आदेश निघाला तर मोडेन असं आज सांगू शकत नाही. मला हे आवडलं नाही. पण लिहून ठेवलंय, तारीख घालून.

दिराकडे प्रमाणपत्र नाही. सर्वेक्षणात नाव आहे की नाही तेही त्याला माहीत नव्हतं. दहा वर्षं गाडी लावतोय.

---

मंडईकर

प्रमाणपत्राचं आधी बघा ताई. आधार कार्ड, गाडीचा फोटो, जुन्या दंडाच्या पावत्या असतील तर त्या, सगळं एका पिशवीत. दंडाच्या पावत्या फेकून देतात लोक, पण त्याच जागेवर इतकी वर्षं धंदा होता याचा तोच पुरावा ठरतो.

---

जलमापक

वकीलबाईंना एक माझ्याकडूनही विचारा. मीटर बसवण्याचा खर्च कोणाच्या माथी, घरमालकाच्या की महापालिकेच्या? भाडेकरूंचं काय? मीटरची भूमिका मला पटते, पण याच प्रश्नावर चांगल्या योजना गल्लीत अडकलेल्या मी पाहिल्या आहेत.

---

पोळपाट

लिहून घेतलं, मीटरच्या खर्चाचं.

पावत्यांचं वाचून दाखवल्यावर दिराने माळ्यावरून चहापत्तीचा जुना डबा काढला. त्यात अकरा पावत्या निघाल्या, सगळ्यात जुनी २०१६ ची. शाई उडत चाललीय, म्हणून पुतण्याने सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले. दीर अजून वकीलबाईंचं नाव घेत नाही. "ती बाई" म्हणतो. पण उद्या जागा दाखवायला येतो म्हणाला. डबे दहाला निघतात, म्हणून मी साडेआठची वेळ मागून घेतली आहे.